सुटलेल्या गोळ्या

२४ मार्च २०२० च्या सकाळी व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला : ‘जागतिक क्षयरोग दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’. क्षयरोगाच्या शुभेच्छा! आई आणि मी दोघीही हसलो. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गुढीचा बांबू धुऊन अंगणात वाळत ठेवला होता. रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारा वाजल्यापासून सगळा देश बंद झाला.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत चौघीजणी खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होतो. जानेवारीत मला फुप्फुसाचा टीबी निघाला. संध्याकाळचा बारीक ताप, न थांबणारा खोकला, ढगळ होत गेलेले ड्रेस. पंधरा जानेवारीला गोळ्या सुरू झाल्या. पाडव्यासाठी गावी आले तेव्हा बॅगेत दोन ड्रेस, एक गाइड आणि बारा एप्रिलपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या होत्या. आमचं गाव गारगोटीच्या पुढं, भुदरगड तालुक्यात. पाडवा करून दोन दिवसांत परत जायचं होतं.

बारा एप्रिलला गोळ्या संपल्या. त्यानंतर पन्नासहून जास्त दिवस मी एकही गोळी घेतली नाही.

हे लिहिताना आजही हात अडखळतो. ‘क्षयरोग कोणत्या जिवाणूमुळे होतो?’ हा प्रश्न मी सराव परीक्षेत कितीतरी वेळा सोडवला होता. औषध अर्धवट सोडलं तर काय होतं, हेही मला माहीत होतं. तरीही सोडलं. लोक औषध का सोडतात याची उत्तरं पोस्टरवर असतात : अज्ञान, निष्काळजीपणा, व्यसन. त्यात मला मी कुठंच सापडेना. म्हणून मग मी वाचत गेले आणि वाचता वाचता दीडशे वर्षं मागं गेले.

गोळ्या संपल्या त्या दिवशी

आधी माझी कारणं सांगते. ती ऐकायला फार साधी आहेत.

पहिलं म्हणजे मला बरं वाटत होतं. दोन महिन्यांत खोकला थांबला होता, भूक लागत होती, वजन ४१ वरून ४५ किलोवर गेलं होतं. टीबीच्या उपचारातला खरा सापळा हाच आहे. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र दिली जातात : आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. त्यात बहुतेक जिवाणू मरतात आणि माणूस उठून बसतो. पण हा जिवाणू फार सावकाश वाढणारा आहे. बाकीचे जंतू काही मिनिटांत दुप्पट होतात, याला त्यासाठी साधारण वीस तास लागतात. काही जिवाणू तर निपचित पडून राहतात आणि औषध बहुतेक वाढणाऱ्यालाच मारतं. पुढचे चार महिने असतात ते या दडून बसलेल्यांसाठी. म्हणजे शरीर सांगतं ‘झालं’, तेव्हा दोनतृतीयांश काम बाकी असतं. मध्येच सोडलं तर उरलेले पुन्हा वाढतात, आणि अर्धवट, हेळसांडीनं घेतलेल्या औषधातून तगलेले पुढं त्या औषधांना दाद देईनासे होतात.

दुसरं कारण रस्ता. एसटी बंद होती. गावाच्या वेशीवर पोरांनी बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, एका बाजूला चर खणली होती. माझी नोंद कोल्हापुरात होती, गोळ्या तिथून मिळायच्या आणि कोल्हापूर पन्नास किलोमीटरवर होतं. त्या एप्रिलमध्ये ते मुंबईइतकंच लांब वाटत होतं.

तिसरं कारण सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गावात कुणालाच माहीत नव्हतं. घरी आल्यावर एकदा पाणी पिताना ठसका लागला, तर आई धावत आली. म्हणाली, “हळू गं, मोठ्यानं खोकू नगंस. पलीकडची ऐकत्यात.” त्या दिवसांत खोकणं म्हणजे गुन्हा झाला होता. आठवड्याभरानं आशाताई वही घेऊन दारात आल्या. “घरात कुणाला ताप, खोकला, दम?” आई म्हणाली, “न्हाई बाई, कुणालाच न्हाई.” ते खोटंही नव्हतं. खोकला खरंच नव्हता. आशाताई आमच्या भावकीतल्या. त्यांना कळलं की गावाला कळणार आणि गावाला कळलं की पोरीचं लग्न जमणार नाही, असा आईचा हिशोब. मी आत चुलीपाशी बसून ऐकत होते. मला उठून सांगता आलं असतं. मी उठले नाही.

सीपीआरमध्ये न आलेली डॉक्टर

कोल्हापूरकराला सीपीआर सांगावं लागत नाही. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. अपघात असो, साप चावलेला असो, बाळंतपण असो, जिल्ह्यातली माणसं तिथंच येतात. २०२० साली ते कोविडचं रुग्णालय झालं. संस्थानच्या काळात याच रुग्णालयाचं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. १८८६ साली तिथल्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून कोल्हापूर संस्थाननं एका एकवीस वर्षांच्या मुलीची नेमणूक केली. तिचं नाव डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंची गोष्ट आपण शाळेत वाचतो, सिनेमात बघतो. ती बहुतेक पदवीपाशी संपते : ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया. पुढचं थोडक्यात उरकलं जातं. त्या अमेरिकेत असतानाच आजारी होत्या. वर्षअखेरीस भारतात परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली.

यातल्या तारखा जुळवून बघितल्या तेव्हा मी थांबले. रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं ते २४ मार्च १८८२ रोजी. (म्हणून तो दिवस जागतिक क्षयरोग दिन.) म्हणजे आनंदीबाई वैद्यकशास्त्र शिकायला समुद्रापार गेल्या त्याच्या वर्षभर आधीच रोगाचं कारण जगाला कळलं होतं. त्या गेल्या तेव्हा शोधाला जवळपास पाच वर्षं झाली होती. कारण माहीत होतं, औषध नव्हतं. पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावं लागलं.

आनंदीबाईंनी औषध सोडलं असं कुणी म्हणू शकत नाही, कारण सोडायला काही नव्हतंच. रोग्यानं औषध सोडणं हा प्रश्नच औषधाच्या नंतर जन्माला आलेला आहे.

औषध नव्हतं तेव्हा उपचार म्हणजे जागा. स्वच्छ हवा, अंथरूण, दूध, अंडी, विश्रांती. कोल्हापूरच्या लोकांसाठी ही जागा मिरजेजवळ होती. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं आणि पुढं सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झालं. त्या वस्तीला आजही वॉनलेसवाडी म्हणतात. अशा ठिकाणी माणसं महिनोन्‌महिने, कधी वर्षभर राहायची. बरी किती व्हायची हा वेगळा प्रश्न. पण तिथं रोगी कायम कुणाच्या तरी नजरेसमोर असे. जेवला का, झोपला का, वजन किती, हे बघायला माणूस होता. आणि सोडणं म्हणजे सामान उचलून फाटकातून बाहेर पडणं. ते सगळ्यांना दिसायचं.

मद्रासनं जगाला शिकवलेली अर्धी गोष्ट

स्ट्रेप्टोमायसिनपाठोपाठ पास आणि १९५२ साली आयसोनियाझिड आलं. औषधं आली तशी खाटांची अडचण उघडी पडली. भारतात रोगी लाखोंनी होते आणि खाटा त्यांच्या मानानं नगण्य होत्या. मग १९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झालं. त्यामागं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद होती. तिथले प्रमुख संशोधक होते डॉ. वॉलेस फॉक्स. प्रश्न सरळ होता : रोग्याला आरोग्यधामात ठेवलंच पाहिजे का? की औषध देऊन घरी पाठवलं तरी चालेल?

शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण घेतले. काहींना वर्षभर आरोग्यधामात ठेवलं, काहींना तेच औषध घरी दिलं. आरोग्यधामातल्यांना खाणं चांगलं, विश्रांती भरपूर. घरचे लोक दाटीवाटीनं राहणारे, कमी खाणारे, लवकर कामाला लागणारे. १९५९ साली निकाल छापून आला : दोन्हीकडं बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही घरी उपचार केल्यानं वाढलेला दिसला नाही. सगळ्या जगातली आरोग्यधामं पुढं बंद होत गेली त्याला मद्रासचा हा निकाल मोठं कारण ठरला.

हे वाचून छाती फुगते, आणि फुगायलाच हवी. पण माझं लक्ष दुसऱ्याच एका तपशिलावर अडकलं. मद्रासमध्ये गोळ्या एकट्या घरी जात नव्हत्या. केंद्रातली माणसं रोग्याच्या घरी जायची. न सांगता जायची. गोळ्या मोजायची, लघवी तपासून औषध पोटात गेलं का ते बघायची. रोगी आला नाही तर शोधत जायची. डॉ. फॉक्स यांनी तर १९५८ मध्येच, म्हणजे निकाल यायच्या आधी, रोग्यानं घरी स्वतः औषध घेणं हीच मोठी अडचण असल्याचं लिहून ठेवलं होतं.

जगानं यातली अर्धी गोष्ट उचलली : औषध घरी नेता येतं. ती स्वस्त होती. उरलेली अर्धी, म्हणजे औषधाच्या मागोमाग घरी येणारं माणूस, ती महाग होती. १९६२ साली आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं निघाली. रोग्यानं महिन्याला यायचं, गोळ्या न्यायच्या, वर्ष-दीड वर्ष खायच्या. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, आढावा घेतला तेव्हा उपचार पुरे करणारे निम्म्याहून कमी निघाले.

डिफॉल्टर

मग उलट्या बाजूनं झोका गेला. १९९३ पासून प्रायोगिक आणि १९९७ पासून रीतसर ‘डॉट्स’ आलं, २००६ पर्यंत देशभर पोचलं. आता गोळी कुणासमोर तरी गिळायची, आठवड्यातून तीनदा. यानं खूप माणसं वाचली, हे मान्यच करायला हवं. पण ज्याचं पोट रोजंदारीवर आहे त्यानं आठवड्यातून तीनदा कामावर उशिरा जायचं तर मुकादम ठेवून घेईल का, हा प्रश्न रोग्याच्याच माथी राहिला. २०१७ पासून रोजची गोळी आली. सोबत एक फोनची युक्ती आली : गोळीच्या पाकिटामागं नंबर दडवलेला असतो, गोळी काढली की दिसतो. त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा, की संगणकावर आजची नोंद पडते. मद्रासचा लघवी तपासणारा माणूस आता मिस्ड कॉल झाला होता.

या सगळ्या काळात औषध सोडणाऱ्याला एक नाव होतं : डिफॉल्टर. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्यालाही तेच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये हा शब्द काढून टाकला आणि ‘लॉस्ट टू फॉलोअप’ असा शब्द ठेवला, म्हणजे पाठपुराव्यातून निसटलेला. फरक बारीक वाटेल. पण पहिल्या शब्दात चूक कुणाची ते आधीच ठरलेलं असतं. दुसऱ्यात निदान एवढं कबूल केलंय की कुणीतरी पाठपुरावा करायचा असतो आणि धागा दोन्ही टोकांनी धरायचा असतो. आपल्याकडं कागदावर शब्द बदलला, बोलण्यात डिफॉल्टर अजून आहे. माझ्या नावापुढंही तो लागला.

ज्या वर्षी धागा दुसऱ्या टोकानं सुटला

२०२० च्या जानेवारीत सरकारनं कार्यक्रमाचं नाव बदलून ‘राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम’ केलं. २०२५ पर्यंत टीबी संपवायचा असं ठरलं होतं. दोन महिन्यांत कोविड आला.

टीबी आणि कोविड ही भावंडंच म्हणायची. दोन्ही हवेतून पसरतात, दोन्ही खोकल्यातून बोलतात. त्यामुळं एकासाठी उभं केलेलं सगळं दुसऱ्याच्या कामाला आलं. थुंकीतून टीबी ओळखणारी सीबीनॅट यंत्रं कोविडच्या तपासणीला लागली. गोव्यात बनणारं ट्रूनॅट हे छोटं यंत्र टीबीसाठी गावोगाव पोचत होतं, त्याला एप्रिल २०२० मध्ये कोविड तपासायची परवानगी मिळाली. छातीच्या रोगांचे वॉर्ड कोविडला गेले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसं गेली. टीबीचे पर्यवेक्षक, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, आशाताई, सगळे नाक्यावर, विलगीकरणात, घरोघरच्या सर्वेक्षणात.

आकडा असा आहे : २०१९ मध्ये देशात २४.०४ लाख टीबी रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८.०५ लाख. जवळपास सहा लाख कमी. रोग कमी झाला नव्हता, सापडायचा थांबला होता. हे सहा लाख म्हणजे औषध सोडलेले नव्हेत, बहुतेकांचं औषध सुरूच झालं नाही. माझ्यासारखे मध्येच सुटले ते आणखी वेगळे. त्या वर्षी जगभरात टीबीनं होणारे मृत्यू दहा वर्षांहून जास्त काळानंतर पहिल्यांदा वाढले.

आमच्या जिल्ह्यात हे कसं घडलं असेल ते समजायला इचलकरंजीकडं बघावं. यंत्रमागांचं गाव. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली हजारो माणसं तिथं माग चालवतात. मजुरी कापडावर, म्हणजे माग थांबला की मजुरी थांबली. मार्चअखेर माग थांबले. त्यातल्या एखाद्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याची नोंद इचलकरंजीत, खोली भाड्याची, खानावळ बंद. मे महिन्यात श्रमिक रेल्वे निघाल्या तेव्हा तो गेला असणार. हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या गावात त्याच्या गोळ्या पोचायच्या तर इथल्या माणसानं तिथल्या माणसाला कळवायला हवं, आणि दोन्हीकडची माणसं कोविड ड्युटीवर. बीडकडून आलेले ऊसतोड कामगारही एप्रिलच्या मध्यापर्यंत कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. ज्यांचं घर दर सहा महिन्यांनी हलतं त्यांच्या मागं सहा महिन्यांचा उपचार नेणं एरवीही जड जातं.

शिवाय भूक. रिकाम्या पोटी या गोळ्या घेऊन बघितलेल्यालाच कळेल. मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, उलटी होते. रोग्याला खाण्यासाठी महिना पाचशे रुपये तेव्हा मिळायचे. ज्याच्या घरची चूल एकदाच पेटते तो गोळी आणि भाकरी यांचा मेळ कसा घालणार? पुढं झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा धान्य-डाळ दिली तर त्या घरात नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, असं त्यात दिसलं. ज्या रुग्णांचं वजन सुरुवातीलाच वाढलं त्यांचे मृत्यूही कमी झाले. मद्रासमध्ये औषधानं भुकेवर मात केली असं दिसलं होतं. तेही खरं होतं, पण त्या औषधामागं रोज कुणीतरी उभं होतं.

लपवण्याचा वारसा

माझी आई खोटं बोलणारी बाई नाही. मग आशाताईंना तिनं ‘न्हाई’ का म्हटलं?

मार्च २०२० मध्ये राज्य सरकारनं जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा. मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी केलेला. त्या कायद्याच्या जोरावर घरं उघडून तपासली गेली, रोगी उचलून वेगळे नेले गेले, सामान जाळलं गेलं. पुण्यात त्या रागातून २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण इतिहासात शिकतो. त्याच इतिहासाची दुसरी बाजू पुस्तकात कमी येते : लोक रोगी लपवायला शिकले. माळ्यावर, परसात, कोठीच्या खोलीत. प्लेग पुढं कोल्हापूर संस्थानातही आला. माणसं गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहिली. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘गाव उठलं’ हे शब्द यायचे, ते तिनं तिच्या आजीकडून ऐकलेले.

आशाताई म्हणजे इंग्रजांचा सोजीर नव्हेत, त्या जीव धोक्यात घालून फिरत होत्या. पण त्यांच्या हातात त्या महिन्यात वही होती, आणि वहीत नाव गेलं की शाळेत नेऊन ठेवतात हे गाव बघत होतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या दोन घरांशी लोक बोलत नव्हते. एरवी ज्या बाईला आईनं कदाचित कानात सांगितलंही असतं, तिलाच सांगायची भीती वाटली. साथीच्या काळात माणसं औषध सोडतात त्यात हेही एक कारण असतं : मदतीला येणारं माणूस आणि पकडायला येणारं माणूस एकच होऊन जातं.

दूधगाडी

तीन जूनला फोन वाजला. कोल्हापुरातले टीबीचे पर्यवेक्षक होते.

“ताई, गोळ्या घेताय ना?”

“घेत्ये की.”

पलीकडं थोडा वेळ काहीच नाही. मग ते म्हणाले, “ताई, तुमच्या गोळ्या बारा एप्रिलला संपल्या. मला हिशोब येतो. ओरडायला फोन नाही केला. मीच दोन महिने नाक्यावर होतो, ताप मोजायची बंदूक घेऊन. आज परत टेबलावर बसलो, पहिली यादी तुमची काढली.”

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, “तुमच्या गावात गाडी कुठली येते?”

मी म्हटलं, “कुठलीच नाही.” आणि म्हणता म्हणता थांबले. दूधगाडी येत होती. सकाळ-संध्याकाळ. पाडव्यापासून एक दिवस खंड नव्हता. पोरं तिच्यासाठी बाभळीच्या फांद्या बाजूला करायची आणि ती गेली की परत टाकायची. ते सगळे दिवस रस्ता दिवसातून दोनदा उघडत होता. माझ्या गोळ्या त्या टेम्पोत कधीही येऊ शकल्या असत्या. त्यासाठी एका माणसानं विचारायला हवं होतं आणि एकीनं सांगायला हवं होतं.

दादांच्या मोटरसायकलवरून गारगोटीला जाऊन थुंकी दिली. जिवाणू परत दिसले. नशीब एवढं की औषधाला दाद देणारे होते. पुन्हा पहिल्या दिवसापासून सहा महिने. पेरणीचे दिवस होते, परत परत गारगोटीला येऊन वडिलांचा दिवस मोडू नका, असं पर्यवेक्षक म्हणाले. मग दर महिन्याचं पाकीट दूधगाडीतून यायला लागलं. गाडीवाल्या मामांनी आत काय आहे असं कधी विचारलं नाही.

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मोठ्या माणसांना काही नव्हतं. माझा भाचा चार वर्षांचा. त्या पन्नास दिवसांत तो रोज रात्री माझ्या कुशीत झोपत होता. त्याला रोग नव्हता, पण एवढ्या लहान मुलाला तेव्हा प्रतिबंधक म्हणून सहा महिने रोज गोळी द्यायचे. वहिनी काहीच बोलली नाही. ती ओरडली असती तर सोपं झालं असतं.

आणि आशाताई? तपासणीच्या निमित्तानं त्यांना कळलंच. त्या आईला म्हणाल्या, “वैनी, माझ्या थोरल्या नणंदेला झालता. मला सांगायचं न्हाई व्हय?” गावाला त्यांनी कळू दिलं नाही. कळलं ते वर्षभरानं, माझ्याच तोंडून.

किती दिवसांच्या शिल्लक आहेत?

कोविड ओसरला. २०२२ मध्ये देशातल्या नोंदी पुन्हा २४ लाखांच्या वर गेल्या. रुग्णांना दत्तक घेणारे ‘निक्षय मित्र’ आले, नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेचे हजार रुपये झाले. या चांगल्या गोष्टी आहेत. पण २०२४ च्या मार्चमध्ये, महासाथ नसताना, देशात टीबीच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला आणि राज्यांनी स्थानिक पातळीवर खरेदी करावी असं केंद्राला कळवावं लागलं. त्या महिन्यात ज्यांच्या गोळ्या चुकल्या असतील त्यांना काय म्हणायचं? डिफॉल्टर कोण?

मी माझी चूक कुणावर ढकलत नाही. आशाताई दारात असताना मी उठले नाही, ते माझंच. पण इतिहास वाचून मला एवढं समजलं की सहा महिन्यांचा उपचार ही एकट्या माणसाच्या जिद्दीची गोष्ट म्हणून कुठंच यशस्वी झालेली नाही. वॉनलेसवाडीत नाही, मद्रासमध्ये नाही. जिथं जमलं तिथं गोळीच्या मागं एक माणूस होता. महासाथीनं आधी तो माणूस काढून घेतला. गोळ्या सुटल्या त्या नंतर.

तुमच्या घरात, खोलीवर, ऑफिसात कुणाला टीबी असेल तर ‘गोळ्या घेतोस ना?’ असं विचारू नका. त्याला ‘हो’ असंच उत्तर येतं, मीही तेच दिलं. ‘किती दिवसांच्या शिल्लक आहेत?’ असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर द्यायला पाकीट उघडून बघावं लागतं.

त्या पावसाळ्यात आमच्याकडं रोज सकाळी एक कार्यक्रम असायचा. वहिनी भाच्याची गोळी चमच्यात कुस्करून गुळात कालवायची. तो तोंड वेडंवाकडं करून गिळायचा. मग माझ्यासमोर येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “आत्या, आता तुझी.” मी तीन गोळ्या घेईपर्यंत हलायचा नाही. जीभ बाहेर काढून दाखवायला लावायचा.

डिसेंबरात माझं आणि त्याचं औषध एकाच आठवड्यात संपलं.